शेजारचं बाळ, शेजारचा टीव्ही आणि आपली झोप

भुसावळला रेल्वेवाल्यांच्या घरात झोपेला वेळकाळ नसतो. आमचे हे रात्रभर गाडी चालवून सकाळी घरी येतात नि दिवसा झोपतात. गेल्या उन्हाळ्यात एका भिंतीपलीकडे दीड महिन्याचं बाळ टाहो फोडायचं, दुसऱ्या भिंतीपलीकडे टीव्ही गाजायचा. तेव्हा जे जे करून पाहिलं, त्यावरून सांगते.

आधी आवाज कुठला ते बघा. तान्ह्याचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांत ओसरतं. हा त्रास मुदतीचा आहे. टीव्हीला अशी मुदत नसते. म्हणून बाळापायी भिंतीवर हजारो रुपये घालू नका, आणि टीव्हीपायी वर्षानुवर्षं कानात बोळे घालून बसू नका.

कानातले फोमचे बोळे की कूलर? बोळे स्वस्त आहेत, पण ते घालायची एक रीत आहे. बोटांनी पिळून बारीक करायचा, कान वर-मागे ओढून आत सरकवायचा नि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर उपयोग शून्य. आमची अडचण मात्र वेगळी होती: ड्युटीचा फोन ऐकूच येईना. फोन थरथराटावर लावून उशीखाली ठेवला, तरी माझ्या जिवाला घोर. शेवटी कूलर कामाला आला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, कूलर तसाही चालूच असतो. त्याची एकसुरी घरघर रडण्याचा आवाज बंद करत नाही, पण अचानक उठणारा टाहो त्यात विरतो, आणि झोप मोडते ती अचानकपणानेच. थंडीत हेच काम टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून करतो. पाळीची नोकरी असेल तर कूलर, नसेल तर बोळे, हे माझं मत.

खिडक्या बंद करणं एसी असेल तरच. नाहीतर खानदेशच्या उन्हाळ्यात जीव गुदमरेल.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावू नका. त्याने आपल्याच खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, पलीकडचा अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. कपड्यांनी भरलेलं कपाट सामाईक भिंतीला लावा आणि पलंग समोरच्या भिंतीला सरकवा. फुकटातला सगळ्यात चांगला उपाय हाच. भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड असतील तर इलेक्ट्रिशियनकडून फटी बुजवून घ्या. आमच्याकडे टीव्हीचा अर्धा आवाज तिथूनच येत होता.

टीव्हीवाल्या काकांशी बोलले ते संध्याकाळी, चहाच्या वेळी. "काका, हे दिवसा झोपतात, बारा ते चार एवढा आवाज कमी ठेवाल का?" वेळ नेमकी सांगितली म्हणून त्यांना पाळता आली. नुसतं "आवाज कमी करा" म्हटलं असतं तर वाद झाला असता. बाळाच्या आईकडे मात्र तक्रार नेऊच नका. आपलं बाळ रडतंय हे तिला आपल्याआधी कळतं, आणि ती आपल्यापेक्षा कमी झोपलेली असते. मी वहिनींना बाजरीची भाकरी नि मेथीची भाजी नेऊन दिली, तासभर बाळ सांभाळलं. रडणं त्याने थांबलं नाही, पण ते कानाला टोचेनासं झालं, हे खरंच.

पोलीस तक्रार हळदीच्या डीजेसाठी ठेवा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, सूट मिळते ती मोजक्या दिवसांना नि रात्री १२ पर्यंतच. ११२ ला फोन करता येतो. बाळाच्या रडण्याला हा मार्ग नाही.

घरच बदलायचं ठरवलं असेल तर डिपॉझिट देण्याआधी सामाईक भिंत चार इंची की नऊ इंची ते विचारा, नि संध्याकाळी सातनंतर तिथे अर्धा तास गप्प बसून बघा.