गॅसवाली मोटरहोम की डिझेलवाली? एकाच रस्त्यावर दोन्ही चालवून बघितल्या, त्याचा रिव्ह्यू

आधी एक क्लिअर करते, अमेरिकेत गॅस म्हणजे आपलं पेट्रोल. मोटरहोममध्ये (म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घर) शेगडी आणि हीटरसाठी खरा गॅस पण असतो, पण त्याला इथे प्रोपेन म्हणतात, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. हे सांगायचं कारण म्हणजे मला जेवढ्यांनी विचारलं त्यातल्या अर्ध्यांना वाटलं मी एलपीजीवरच्या गाडीबद्दल बोलतेय.

तर आम्ही गेल्या सप्टेंबरात आणि त्याच्या आधीच्या सप्टेंबरात एकच ट्रिप केली, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून निघून आय-७० हायवेने युटातलं मोआब, तिथून कॅपिटल रीफ आणि ब्राइस ही नॅशनल पार्क्स आणि परत, साधारण बाराशे मैल. पहिल्या वर्षी भाड्याची गॅसवाली क्लास ए (बससारखी दिसणारी मोठी मोटरहोम) घेतली, ३३ फुटी, फोर्डच्या एफ-५३ चॅसीवरची (चॅसी म्हणजे खालचा सांगाडा), ७.३ लिटर व्ही-८ इंजिन (पूर्वीच्या ६.८ लिटर व्ही-१० च्या जागी आलेलं तेच). दुसऱ्या वर्षी सासू-सासरे पण येणार होते म्हणून डिझेल पुशर घेतली, म्हणजे इंजिन मागे असणारी, ३६ फुटी, फ्रेटलायनर चॅसी, ६.७ लिटर कमिन्स आणि अॅलिसनचा गिअरबॉक्स. दोन्ही वेळा बहुतेक वेळ मीच चालवली आणि प्रत्येक फिलिंगची पावती जपून ठेवली, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं की लोक डिझेल डिझेल करतात त्यात तथ्य किती.

आकडे सांगते. गॅसवालीने संपूर्ण ट्रिपला ७.२ मैल प्रति गॅलन दिले, आपल्या भाषेत लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास. डिझेलने ८.४, म्हणजे लिटरला साडेतीन. गॅसवालीला १६७ गॅलन लागले, डिझेलला १४३. चोवीस गॅलन वाचले म्हणून मी खूश झाले आणि मग पावत्यांची बेरीज केली तर डिझेलचंच बिल थोडं जास्त निघालं, कारण आमच्या रस्त्यावर त्या आठवड्यात डिझेल रेग्युलर गॅसपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने महाग होतं. इथे केंद्राचा करच डिझेलवर गॅलनला २४.४ सेंट आणि गॅसवर १८.४ सेंट आहे, बाकी बाजाराचं वेगळं. त्यामुळे "मायलेज चांगलं म्हणून डिझेल स्वस्त" हे वाक्य कुणी म्हणालं की मी आता थांबवते आणि विचारते, तुमच्या रस्त्यावर आज दोन्हीचे भाव काय आहेत. डिझेल किती टक्के महाग आणि मायलेज किती टक्के जास्त, एवढंच बघायचं. आमच्या बाबतीत मायलेज १७ टक्के जास्त आणि भाव २० टक्के जास्त, झालं.

आणि त्या १७ टक्क्यांतलं सगळं श्रेय इंजिनाचं पण नाही. एका गॅलन डिझेलमध्ये मुळातच गॅसपेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास जास्त ऊर्जा असते, डिझेलची घनता जास्त असते म्हणून. उरलेलं इंजिनाचं, कारण डिझेलचं कॉम्प्रेशन खूप जास्त असतं आणि गॅस इंजिनासारखी थ्रॉटलची झडप अर्धवट मिटून हवा अडवत चालायची गरज नसते, त्यामुळे हलक्या पायाने चालवताना पण ते तेल वाया घालवत नाही.

पण थांबा, इथे डिझेलवर अन्याय होतोय. आमची गॅसवाली भरून साधारण १० टनांची होती आणि डिझेलवाली साडेतेरा टनांच्या जवळ. म्हणजे एक तृतीयांश जास्त वजन ओढून वर जास्त मायलेज दिलं. दोन जास्तीची माणसं, मोठी पाण्याची टाकी, दोन एसी, जड फर्निचर, सगळं घेऊन. दोन्ही गाड्या सारख्या वजनाच्या असत्या तर फरक अजून मोठा दिसला असता. फक्त प्रॉब्लेम असा की तशा सारख्या गाड्या बाजारात जवळजवळ मिळतच नाहीत, डिझेल घ्यायची म्हटलं की गाडी आपोआप मोठी आणि जड होते आणि फायदा तिथेच जिरतो.

खरा फरक घाटात कळला. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालात की आयझेनहॉवर टनेलपर्यंत चढच चढ, टनेल ११ हजार फुटांच्या वर आहे. गॅस इंजिनाला टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसल्यामुळे विरळ हवेत ते हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे टनेलपाशी पोचेपर्यंत जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. ३५० हॉर्सपॉवर कागदावर, पण मी उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे ३५-४० मैलांनी चढत होते, इंजिन चार हजार आरपीएमवर ओरडत होतं आणि ते दोन सीटच्या मधोमध असल्यामुळे नवऱ्याशी बोलायचं तर अक्षरशः ओरडावं लागत होतं. डिझेलवाली कागदावर ३४० हॉर्सपॉवरचीच, म्हणजे थोडी कमीच, पण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, ७०० पाउंड-फूट (गॅसवालीचा ४६८) आणि टर्बो, तीच चढण ५० ने आरामात, आवाज मागे छत्तीस फुटांवर, सासूबाई झोपल्या होत्या त्या झोपल्याच. उतारावर तर विचारूच नका, एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) बटण दाबलं की गाडी स्वतःच धरून ठेवते. गॅसवालीत टो-हॉल मोड (जड ओझं ओढतानाची सेटिंग) होता, तो पण गिअर खाली टाकतो, मदत करतो, पण पाय ब्रेकवरून हलवायची हिंमत होत नव्हती. माझ्या मते डिझेलचे जास्तीचे पैसे द्यायचे तर ते ह्यासाठी द्यावेत.

मायलेजसाठी मात्र उजवा पाय सगळ्यात महत्त्वाचा. ही गाडी म्हणजे साडेआठ फूट रुंद आणि बारा फूट उंच भिंत आहे, ती वाऱ्यात ढकलायची. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून ७० वर गेलात की ३६ टक्के जास्त. गॅसवालीत एक टाकी मी युटाच्या सपाटीवर ७० ने चालवली, ६.४ मिळाले, दुसरी ६० ने, ८.१ मिळाले. बघा, वेग दहा मैलांनी कमी केला तर गॅसचीच गाडी आमच्या डिझेलच्या सरासरीच्या जवळ पोचली आणि त्याला खर्च शून्य. ही गोष्ट भाड्याने देणारे कुणीच सांगत नाहीत.

मोजताना एक चूक मी पहिल्या वर्षी केली, ती तुम्ही करू नका. जनरेटर त्याच टाकीतून तेल पितो. एसी लावून रात्रभर चालवला तर तासाला अर्ध्या गॅलनच्या आसपास जातं, दहा तासांत पाच गॅलन, आणि मग वाटतं गाडीने मायलेज दिलं नाही. जनरेटरचा तासांचा मीटर असतो, भाड्याचं बिल पण त्यावर वेगळं लागतं, तो लिहून ठेवा आणि वजा करा (मी वर दिलेले आकडे वजा करूनच आहेत). शिवाय टाकी ८०-१०० गॅलनची, पंपावर गाडी जरा तिरकी उभी राहिली तरी दोन-तीन गॅलनचा फरक पडतो, म्हणून एका फिलिंगवरून काही ठरवू नका, संपूर्ण ट्रिपची सरासरी काढा. डॅशबोर्डवरचा आकडा आमच्या दोन्ही गाड्यांत जास्तच दाखवत होता.

पंपाबद्दल. ब्राइसहून परतताना युटात आय-७० वर सलायना ते ग्रीन रिव्हर ह्या गावांमध्ये शंभरावर मैल पंपच नाही, टाकी भरूनच निघा. कोलोरॅडोत रेग्युलर म्हणून ८५ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलच्या दर्जाचा आकडा) गॅस मिळतं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ सांगितलंय, तेच भरा. डिझेलवाल्यांनी ट्रकस्टॉपवर जावं, जागा मोठी असते, पंपाचा फ्लो जोरात असतो. नळीच्या रंगावर जाऊ नका, लेबल वाचा, हिरवी म्हणजे डिझेलच असं प्रत्येक पंपावर नसतं. आणि डिझेलला डीईएफ पण लागतं, युरियाचं पाणी, डिझेलच्या दोन-तीन टक्के, ते संपलं तर गाडी वेग पकडू देत नाही. आम्हाला गाडी देणाऱ्याने त्याची टाकी जवळपास रिकामी दिली होती आणि सांगितलं पण नाही, ग्रँड जंक्शनच्या अलीकडे लाल दिवा लागला तेव्हा जीव घशाशी आला. पिक-अप करताना स्वतः बघा.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडंसं. वर्षाला पाच हजार मैल चालवलीत तर आमच्या आकड्यांनी डिझेल शंभर गॅलन वाचवेल, भाव सारखे असले तरच. नव्या गाडीच्या किमतीतला फरक, दुपटीने लागणारं ऑईल, फ्युएल फिल्टर, डीईएफ हे सगळं त्या शंभर गॅलनमधून निघत नाही, कितीही ओढून ताणून हिशोब केला तरी. ज्यांना खरोखर तेलच वाचवायचंय त्यांनी गाडी लहान करावी, मैत्रिणीची मर्सिडीज स्प्रिंटरवरची डिझेल व्हॅन गॅलनला १७ मैल देते आणि गॅसवरच्या व्हॅन पण १४-१५ देतात, ह्या मोठ्या गाड्यांच्या जवळपास दुप्पट.

पुढच्या सप्टेंबरला परत जायचंय. आम्ही चौघंच असू तर गॅसवाली घेईन आणि ६० ने चालवीन. सासू-सासरे आले तर डिझेल, बिल जास्त आलं तरी.