फुगाझी लाइव्ह सिरीज : आठशेच्या वर शो, सगळ्या बडबडीसकट

कॉलेजात पंक रॉकचं वेड लागलेल्यांना फुगाझी कोण हे सांगायला नको. वॉशिंग्टन डीसीचा चौघांचा बँड, इयन मकाय, गाय पिचोटो, जो लॅली, ब्रेंडन कँटी. आमच्याकडे कॉपीची कॉपी केलेली कॅसेट होती, गिटार कमी आणि खरखर जास्त, तरी रोज लावायचो.

तर यांच्या डिसकॉर्ड या रेकॉर्ड कंपनीने २०११ मध्ये जुन्या शोजची रेकॉर्डिंग्ज डाउनलोडला ठेवायला सुरुवात केली, तीच ही लाइव्ह सिरीज. १९८७ ते २००२ मध्ये हजाराच्या वर शो केले यांनी, त्यातले आठशेच्या वर साउंड इंजिनिअरनी टेप केलेले. म्हणजे कुणीतरी एवढी वर्षं न कंटाळता कॅसेटी जपून ठेवल्या, कमाल आहे राव. किंमत पण मस्त, सुचवलेली पाच डॉलर, पण एक ते शंभरमध्ये काय वाटेल ते द्या अशी पद्धत ठेवली. पाच का तर शोचं तिकीट पण ते जमेल तिथे पाचच्या आसपासच ठेवायचे, आणि शो सगळ्या वयाच्या लोकांना खुले.

ऐकण्यातली खरी मजा गाण्यांच्या मधे आहे. पुढच्या रांगेत कुणी धक्काबुक्की सुरू केली की मकाय गाणं थांबवून त्याला सरळ झापतो, अगदी शाळेतल्या सरांसारखं, तरी नाही ऐकलं तर पाच डॉलर परत आणि बाहेर. आणि सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची आधी ठरवलेली यादी, नाहीच, पुढचं गाणं कुठलं ते स्टेजवरच ठरणार, त्यामुळे एकातून दुसऱ्यात शिरताना ड्रमर कसा पकडतो ते ऐकत बसावं. 'वेटिंग रूम' हे गाणं तर घ्याच, बेस गिटार सुरू होते, बाकीचे येतात आणि एकदम सगळं बंद, काही सेकंद काहीच नाही, अल्बमवर ती शांतता आहे पण इथे त्या गॅपमध्ये पब्लिक जे ओरडतं ना, काटा येतो अंगावर!

आता तक्रार. सुरुवातीच्या काही टेप खरंच खराब आहेत, आवाज डब्यातून आल्यासारखा. प्रत्येक शोला साउंड कसा आहे ते लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या, नॉस्टॅल्जियात वाहून जाऊन काहीही उचलू नका. आणि बँड तुम्हाला नवीन असेल तर इथून सुरुवात अजिबात नको, आधी १९९० चा 'रिपीटर' अल्बम नीट ऐका, मग या.

हे ऐकता ऐकता हस्कर डू आणि मिनटमेन हे त्याच काळातले पंक बँड पण परत काढले. १९८४ ला दोघांचेही डबल अल्बम एकाच लेबलवर आले होते, काय वर्ष होतं ते! हस्कर डूची गिटार आता जरा कानाला टोचते, तेव्हा तेच आवडायचं. मिनटमेन मात्र अजून ताजे वाटतात, दीड-दोन मिनिटात गाणं खल्लास, मधेच फंक मधेच जॅझ, कंटाळा यायला वेळच नाही.

पण पैसे टाकायचे तर फुगाझीवरच. शंभर डॉलर कोण देतं माहीत नाही, मी आपले पाचच दिले.