बालवाडीत पिल्लं आणायचीत: कोंबडीची की बदकाची?

आमच्या बालवाडीच्या ताईंचं आठवडाभर ठरेना. मी दोन्ही पाळलीत, म्हणून सांगते.

ऊब दोघांनाही लागते. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, म्हणजे खोक्यावर बल्ब हवाच. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठलीत, चोच उघडी टाकून कोपऱ्यात पळाली तर उकडतंय.

खरा फरक घाणीत. कोंबडीच्या पिल्लांखाली भाताचं तूस पसरलं की तासभर निभतं. बदकं मात्र पाण्याच्या वाटीत चोच घालून खोकंभर चिखल करणारच. त्यात आईविना वाढलेली असली तर पटकन भिजून गारठतात. म्हणजे पोरांना जे बघायचं असतं, ते पोहणंच नेमकं टाळावं लागतं!

साल्मोनेलाची, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूंची, भीती दोन्हींकडून सारखीच. पिल्लू ठणठणीत दिसलं तरी जंतू असू शकतात, आणि पाच वर्षांखालच्यांना धोका जास्त. पापे घेणं बंद, हात साबणाने, डबे दुसऱ्या खोलीत.

तासाभराच्या भेटीला कोंबडीचीच आणा. अंगण, नळ आणि मदतीला मावशी असतील तर बदकं. वर्गात अंडी उबवायची असतील तर कोंबडीला २१ दिवस, बदकाला साधारण २८. चार वर्षांच्या पोरांना २१ सुद्धा फार होतात.