त्यांचे 384, माझे 117

पीएच.डी.चा डेटा 'करून देणाऱ्या' एका एजंटकडे गेले ते 67,500 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण निम्मे वाचणारे तेवढ्यासाठीच शेवटपर्यंत येतील.

मी नागपुरातल्या एका खाजगी कॉलेजात एमबीएला शिकवते. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन 2019चं. विषय लघुउद्योगांतली नेतृत्वशैली, म्हणजे हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या छोट्या युनिटांमध्ये मालक निर्णय कसे घेतात आणि हाताखालच्या सुपरवायझरांना ते कसं वाटतं. पहिली दोन वर्षं कोरोनानं खाल्ली, कारखान्यात कुणी पाय ठेवू देईना. मग फिरले. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो, त्यापुढे पायी, डोक्याला घट्ट दुपट्टा. गेटवरचा गार्ड विचारायचा, "कामून आल्या मॅडम? लेबर ऑफिसातून आल्या काय?" 22 युनिटं, 160 सुपरवायझरांची यादी, त्यातल्या 117 जणांनी फॉर्म भरून दिले. प्रत्येक फॉर्मवर मी लाल पेननं नंबर टाकला होता.

फॉर्म नंबर 41 भरणाऱ्यानं तो जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर ठेवून भरला. कागदावर तेलाचा डाग अजून आहे. 'निर्णय घेण्याआधी साहेब आम्हाला विचारतात' या विधानासमोर त्यानं पाचपैकी 4 वर (5 म्हणजे पूर्ण पटतं) टिक केली आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'विचारतात पण आयकत नाही.' हा फॉर्म लक्षात ठेवा.

मे 2024 मध्ये सहा वर्षांची मुदत दिसायला लागली. बायकांना दोन वर्षं जास्तीची मिळतात, पण कॉलेजात 'अजून झालं नाही का?' विचारणारे ती धरत नाहीत. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्यानं बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, एका 'सरां'चं नाव सुचवलं. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, काचेची केबिन, एसी इतका की बाहेरचे 45 अंश विसरावेत. मागच्या कपाटात काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे थीसिस ओळीनं लावलेले. मी ते कौतुकानं बघत बसले. स्वतः लिहिलेला थीसिस माणूस दुसऱ्याच्या कपाटात कशाला ठेवेल, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

"मॅडम, लिहिणं तुमचंच. आम्ही फक्त एसपीएसएस चालवतो. टायपिंग तुम्ही बाहेरूनच करून घेता ना? तसंच हे," ते म्हणाले. एसपीएसएस म्हणजे आकडेवारी तपासायचं सॉफ्टवेअर. मी या वाक्यालाच फसले. थीसिस लिहून देतो म्हणाले असते तर उठून आले असते. मी 117 फॉर्मचा आकडा सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. "नाही चालत मॅडम. 384 पाहिजेतच. स्टँडर्ड आहे. आमची मुलं फिल्डवर जातात, महिनाभरात भरून आणतात." 20,000 ॲडव्हान्स तिथल्या तिथे यूपीआयनं दिले.

आता शरमेची गोष्ट. मी स्वतः रिसर्च मेथडॉलॉजी शिकवते. हा 384 कुठून येतो हे वर्गात फळ्यावर लिहून दिलंय. क्रेसी आणि मॉर्गन या दोघांनी 1970 मध्ये नमुन्याच्या आकाराचा तक्ता दिला, त्यात ज्यांचा अभ्यास करायचा ती एकूण माणसं लाखोंच्या घरात गेली की उत्तर 384 वर येऊन थांबतं. त्याच तक्त्यात 160 समोर 113 लिहिलंय. माझ्याकडे 117 होते, म्हणजे काम झालेलं होतं. शिवाय 160 जणांच्या यादीतून 384 माणसं कुठून येणार, हा प्रश्न दुसरीतल्या पोरालाही पडला असता. थकलेल्या माणसाला पडत नाही. किंवा पडतो आणि तो त्याकडे पाठ फिरवतो. माझं दुसरं झालं, असं आता वाटतं.

जुलैत ॲनालिसिस आलं. रंगीत तक्ते, स्पायरल बाइंडिंग, आणखी 20,000. सातही हायपोथेसिस, म्हणजे मी आधी मांडलेले अंदाज, 'ॲक्सेप्टेड'. माझ्या गाइड मॅडम वयानं मोठ्या, कमी बोलतात. त्यांनी पानं उलटली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सगळ्याच बरोबर आल्या? एकही माणूस तुझ्या विरोधात गेला नाही? अगं, हे नागपूर आहे." त्या हसल्या नाहीत. एक्सेलची मूळ फाइल घेऊन ये म्हणाल्या.

ती फाइल मी त्या रात्री पहिल्यांदा नीट उघडली. पहिल्या 117 ओळी माझ्या, ओळखीच्या. मधे मधे रिकामे रकाने, कारण माणूस फॉर्म भरताना कुठेतरी एखादा प्रश्न सोडतोच. 118व्या ओळीपासून पुढे एकही रकाना रिकामा नाही. 213व्या ओळीतल्या गृहस्थांचं वय 24 आणि अनुभव 22 वर्षं. मी मुद्दाम दोन विधानं एकमेकांच्या उलट ठेवली होती: साहेब विचारतात, आणि साहेब न विचारता ठरवतात. खरी माणसं एकाला 4 दिलं की दुसऱ्याला 1 किंवा 2 देतात. ही नवी मंडळी दोन्हीला 5. तीस-तीस ओळींचे गठ्ठे जसेच्या तसे खाली चिकटवलेले, फक्त वयं बदललेली. माझ्या पायलट स्टडीत, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, क्रॉनबॅक अल्फा 0.76 आला होता, इथे 0.98. आपली विधानं आपसात किती जुळतात हे अल्फा सांगतो आणि साधारण 0.7च्या वर तो बरा मानतात, म्हणून मोठा आकडा बघून मी आधी खूशच झाले होते. पण माणसं मोजली की इतकं जुळत नाही. इतकं जुळतं ते एकाच हातानं सगळे रकाने भरल्यावर.

आणि 41वी ओळ? तिथे होता नुसता 4. बाजूला लिहिलेलं वाक्य एक्सेलमध्ये जाणार नव्हतंच, पण आधी निदान ते 117 मध्ये एक आवाज म्हणून तरी होतं. बनावट 267 जणांनी साहेबांचं इतकं भरभरून कौतुक केलं की माझ्या अभ्यासात जे काही खरं सापडलं होतं ते त्याखाली गाडलं गेलं.

मग बाकीचं तपासायला लागले. भाषा 'पॉलिश' करतो म्हणून त्यांनी दुसरं आणि तिसरं प्रकरण मागून घेतलं होतं. तिसऱ्यात परस्पर लिहून टाकलं होतं की बास आणि अव्होलिओ या संशोधकांची 45 विधानांची नेतृत्व प्रश्नावली वापरली. माझ्या फॉर्मवर 28 विधानं, सगळी मी बनवलेली. ती प्रश्नावली कॉपीराइटची आहे, माइंड गार्डन ही कंपनी तिचा परवाना विकते. न वापरलेली वस्तू विनापरवाना वापरल्याची कबुली माझ्या नावानं छापून तयार होती! दुसऱ्या प्रकरणात 'पायलट स्टडी'चं 'एव्हिएटर स्टडी' झालं होतं आणि 'ट्रान्स्फॉर्मेशनल लीडरशिप'चं 'मेटामॉर्फिक ऑथोरिटी'. चोरलेला मजकूर सॉफ्टवेअरमधून फिरवून शब्द बदलले की हे असं होतं. सोबत दुसऱ्यांच्या मजकुराशी 6 टक्केच साम्य असल्याचा रिपोर्ट जोडलेला. आमच्या लायब्ररीत तेच प्रकरण टाकलं तर 43 टक्के. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, 40च्या पुढे 60पर्यंत थीसिस पुन्हा सादर करायला एक वर्ष बंदी, 60च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. एजंट दाखवतो तो रिपोर्ट एक पीडीएफ असतो, आणि पीडीएफ कुणीही बनवू शकतो.

थीसिससोबत लागणाऱ्या संशोधन-पेपरचं प्रकरण वेगळं. तो सरांनी ऑगस्टमध्ये 'यूजीसी केअर लिस्टेड', म्हणजे यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतला, म्हणून 12,500 घेऊन छापून आणला. 48 तासांत स्वीकृतीचं पत्र, पैसे कुण्या एका व्यक्तीच्या खात्यावर. यादीत नाव खरंच होतं, आयएसएसएनही जुळत होता. फक्त वेबसाइट खऱ्या नियतकालिकाची नव्हती, त्याचा मुखवटा चढवलेली दुसरीच होती. नाव इतिहास-संस्कृतीचं आणि अनुक्रमणिकेत कोंबड्यांचं खाद्य, सिमेंट आणि मी. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ आकडी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. खात्री करायची तर साध्यासुध्या ग्रंथपालाला विचारावं, त्यांना दोन मिनिटं लागतात. मी विचारलं नाही, कारण मग पेपर कुणाकडून करून घेतला हेही सांगावं लागलं असतं. ती केअर यादी यूजीसीनं फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, तेव्हा आज कुणी 'केअर लिस्टेड' म्हणून पैसे मागत असेल तर तो बंद झालेल्या दुकानाची पावती फाडतोय. 2022च्या नियमांत तर देशपातळीवरची पेपरची सक्तीही उरली नाही. आपल्या विद्यापीठानं ठेवली आहे का, ते विद्यापीठातच विचारा. माझं रजिस्ट्रेशन जुन्या नियमांतलं, म्हणून मला तो लागत होता.

मी फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "करेक्शन होऊन जाईल न जी. 15,000 टाका." टाकले. हो, एवढं सगळं कळल्यावरही टाकले. ते पैसे दुरुस्तीचे नव्हते, गप्प राहण्याचे होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी परत 25,000 मागितले तेव्हा मी आवाज चढवला, आणि पलीकडून जे आलं ते असं: "मॅडम, आमच्याकडे तुमचे सगळे मेसेज आहेत. युनिव्हर्सिटीला पाठवू काय?"

या धंद्याचं भांडवल एसपीएसएस नाही, तुमची लाज आहे. ॲडव्हान्स देतो त्या दिवशी आपण ती त्यांच्या हातात देऊन येतो.

तीन रात्री झोप नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो इतकंच म्हणाला, "आधी मॅडमकडे जा. त्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत." गेले. बोलताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कागदाचे फॉर्म कुठे आहेत?" ते घरी होते, संत्र्याच्या खोक्यात, पलंगाखाली. एजंटकडे मी झेरॉक्स दिली होती. आळसापोटी नव्हे, खोकं बसमधून न्यायला जड होतं म्हणून. माझं वाचलं ते एवढ्यावर. दिवाळीच्या सुट्टीत लाल नंबर बघत 117 ओळी पुन्हा हातानं भरल्या. सातपैकी तीन हायपोथेसिस टिकल्या. मॅडमनी 41 नंबरचा फॉर्म बाजूला काढून ठेवला आणि म्हणाल्या, विचारणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी धरून चर्चेचं प्रकरण लिही. ते प्रकरण मी तेवढं मनापासून लिहिलंय.

पोलिसांत गेले तेव्हा उशीर झाला होता. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात. माझे महिन्यांपूर्वीचे, आणि मी स्वतःच्या हातानं पाठवलेले. हवालदारांनी लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं, "ताई, थीसिस लिहून घेत होत्या काय?" मी म्हटलं, "नाही, फक्त डेटा." ते काही बोलले नाहीत. अर्जावर पोहोच मिळाली. धमकीचे फोन मात्र त्या दिवसापासून बंद झाले. बर्डीतलं ते ऑफिस आता तिथे नाही. जिन्याखालचा चहावाला म्हणतो, सदर भागात गेले.

तो पेपर त्या वेबसाइटवर अजून आहे. काढा म्हणून मेल केला तर 8,000 'विथड्रॉवल फी' मागतात.

मागच्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलानं प्रोजेक्ट आणून दिला. सहाव्या पानावर, 384 सुपरवायझरांच्या अभ्यासातून सिद्ध झालंय वगैरे, आणि कंसात माझं आडनाव. "मॅडम, तुमचाच पेपर शोधून टाकला," तो म्हणाला. चेहरा नुसता फुललेला. मी दार लावून घेतलं, त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि पहिल्या 20,000 पासून सांगायला सुरुवात केली.