झाकण आधीच उघडलेलं होतं

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. आमचं घर सांगलीच्या गावभागात, नदीच्या अंगाला. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावर छातीइतकं पाणी होतं. तेव्हापासून भिंतींच्या खालच्या दोन-अडीच फुटांत लोणा फुटतो, पोपडे सुटतात. अशा खोलीत बाळ-बाळंतिणीला कसं ठेवायचं, म्हणून दोन खोल्या आणि स्वयंपाकघर रंगवून घ्यायचं ठरवलं.

लेकीला रंगाचा वास लहानपणापासून सोसत नाही. डोकं धरतं, डोळ्यांतून पाणी येतं. त्यात आता दिवस गेलेले. मी शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे रंग निवडताना मला व्हीओसी या शब्दापासून सुरुवात करावीशी वाटली. रंगातली जी द्रव्यं साध्या तापमानालाच उडून हवेत मिसळतात, ती ही. सर्वात जास्त पहिल्या काही दिवसांत उडतात, पण पुढेही कितीतरी आठवडे थोडी थोडी सुटत राहतात. ऑइल पेंटमध्ये ती लिटरला तीनशे-चारशे ग्रॅमपर्यंत असू शकतात, वर पातळ करायला टर्पेंटाइन ओततात ते वेगळंच. पाण्यावरच्या इमल्शनमध्ये खूप कमी असतात. युरोपात भिंतींच्या आतल्या पाण्यावरच्या मॅट रंगाला २०१० पासून लिटरला ३० ग्रॅमची मर्यादा आहे. मी एका नामांकित कंपनीचा कमी व्हीओसीचा, महागातला रंग निवडला. लिटरला साडेपाचशे रुपये. एवढ्यासाठी काटकसर करायची नाही, असं यजमानांनीही सांगितलं.

रंगकाम दिलं ते ओळखीच्या कंत्राटदाराला. त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकलेली. तो मला बाईच म्हणतो. म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला दुकानात हेलपाटे घालताय? माल मी आणतो की. मला रेट कमी पडतो." बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल घेतलं तर वर अठरा टक्के जीएसटी. उगाच कशाला?" मी होकार दिला. माझं पहिलं चुकलं ते इथं. वहीच्या पानावर त्यानं आकडे लिहून दिले, त्यात वीस लिटर रंगाचे ११,००० रुपये होते. मजुरी, पुट्टी, प्रायमर धरून ३४,००० झाले. निम्मे आधी दिले, निम्मे काम संपल्यावर, सगळे रोख.

घटस्थापनेच्या आत काम उरकून देतो म्हणाला होता आणि तेवढं त्यानं खरंच केलं. रंगाची बादली अंगणात आली तेव्हा झाकण उघडलेलं होतं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मशीनवर शेड काढायला झाकण उघडावंच लागतं, बाई." ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच मला पटली. दुकानात पांढऱ्या बेसमध्ये मशीननं रंगद्रव्य सोडतात, मग डबा हलवतात. पण मशीनवर रंग काढला की शेडच्या नंबरची छापील चिठ्ठी झाकणावर चिकटवतात. आमच्या झाकणावर ती नव्हती. मला तेव्हा हे माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

भिंतींना ओल आहे म्हणून त्यानं खालच्या भागाला ऑइल प्रायमर मारला. "पाण्याचा प्रायमर इथं टिकायचा न्हाई," असं ठामपणे सांगितलं. मी वरच्या रंगाच्या विचारात इतकी गुंतले होते, की प्रायमर कसला हे विचारायचं राहिलं. खरं तर ओल्या भिंतीवर ऑइल प्रायमर मारणं दोन्ही बाजूंनी घातक. ओल आत कोंडते आणि थर फुगून सुटतो. शिवाय सिमेंटचा गिलावा क्षारयुक्त असतो, ओलीत तो क्षार प्रायमरमधल्या तेलाचा साबण करून टाकतो. आधी भिंत वाळू द्यायला हवी होती, ओल कुठून चढते ते बघायला हवं होतं. तेवढं थांबायची त्याची तयारी नव्हती, आणि मलाही लेक यायची घाई होती.

लेक आली तेव्हा रंग देऊन आठ दिवस झाले होते. परतीचा पाऊस लागलेला, खिडक्या बंद. खोलीत पाऊल टाकलं आणि ती दारातच थांबली. "आई, हा रॉकेलसारखा वास कसला?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं उठलं, मळमळ थांबेना. डॉक्टरांनी आधी त्या खोलीतून बाहेर काढायला सांगितलं. त्याच संध्याकाळी तिला विश्रामबागला माझ्या बहिणीकडे नेलं. लेकीनं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पण माहेरी आलेली माझी मुलगी माहेरच्या खोलीत एका रात्रीपेक्षा जास्त राहू शकली नाही, हे मला अजून सहन होत नाही.

मग मी शोधायला लागले. घरामागच्या बोळात टर्पेंटाइनचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन सापडले, ऑइल प्रायमरचे डबे सापडले आणि स्टेनरच्या, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याच्या, सात-आठ रिकाम्या छोट्या बाटल्या. म्हणजे शेड मशीनवर काढलेलीच नव्हती, हातानं स्टेनर घालून अंदाजानं जुळवलेली. भिंतीवरून ओलं फडकं फिरवलं तर फडक्यावर पांढरी भुकटी आली. आम्ही घेतलेला रंग धुता येणारा होता. त्याची अशी भुकटी येत नाही, ती डिस्टेंपर नावाच्या हलक्या, स्वस्त रंगाची येते.

रिकामी बादली घेऊन मी विश्रामबागमधल्या एका रंगाच्या दुकानात गेले. दुकानदारानं बादली उलटीसुलटी करून बघितली. झाकणावरचा बॅच नंबर वेगळा, बादलीवरचा वेगळा. बादलीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. झाकणाची कडा पक्कडीनं उचकटलेली. म्हणाले, "काकू, बादली खरी आहे. आतला माल तेवढा तिचा नव्हता." चांगल्या कंपनीच्या रिकाम्या बादल्या भंगारातून आणायच्या आणि हलका माल भरायचा, असं चालतं म्हणे. पुढं कंत्राटदाराच्या हाताखालचा मुलगा मजुरीचे राहिलेले पैसे मागायला आमच्याकडे आला, तेव्हा त्यानंच सांगितलं की माल मालकाच्या घरून भरून येतो. त्या मुलावर मला राग नाही. दिवसभर तोच तो वास छातीत घेऊन काम करतो तो.

हिशोबातही खोट होती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून आमच्या भिंती साधारण १,५०० चौरस फूट. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरला १२० ते १४० चौरस फूट जातं. म्हणजे लागायला हवे होते अकरा ते तेरा लिटर. आकारले वीस लिटरचे, आणि उरलेला रंग विचारला तर "सगळा लागला" असं उत्तर.

कंत्राटदाराला फोन केला. आधी तो म्हणाला, वास आठ दिवसांत जातो. मग म्हणाला, दुकानानं फसवलं असेल. कुठलं दुकान ते सांगेना. तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्या हातात होतं वहीचं एक पान, त्यावर सही नाही आणि दुकानाचं नावही नाही. जीएसटीचे जे पैसे वाचवले असं वाटलं होतं, त्यापायी पुरावाच गेला.

म्हणून रंगकाम काढणाऱ्या सगळ्यांना कळकळीनं सांगते, रंग स्वतः दुकानात जाऊन घ्या, मजुरी वेगळी ठरवा. पक्कं बिल घ्या, त्यावर रंगाचं पूर्ण नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. बंद बादली तुमच्यासमोर उघडून तुमच्यासमोरच शेड काढायला लावा. डब्यावर व्हीओसीचा आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये दिलाय का ते बघा. "वास येत नाही" एवढ्यावर जाऊ नका. सुगंध घालून वास झाकता येतो, हवेत उडणारी द्रव्यं त्यानं कमी होत नाहीत. गडद शेड शक्यतो टाळा, कारण जास्त रंगद्रव्य पडतं आणि काही रंगद्रव्यांबरोबर व्हीओसीही वाढतो. शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नाही, हे डब्यावर लिहिणं कायद्यानं २०१७ पासून बंधनकारक आहे, तेही वाचा. प्रायमर आणि दारं-खिडक्यांचा रंगही पाण्यावरचाच मागा, तोही मिळतो. भिंतीला अमृत आणि दाराला टर्पेंटाइन असं केलंत तर खोलीची हवा टर्पेंटाइनचीच राहणार. आणि काम झालं की रिकाम्या बादलीच्या तळाला भोक पाडून मगच ती भंगारात द्या.

आम्ही सगळा रंग खरवडून काढला, भिंती दोन महिने तशाच वाळू दिल्या आणि पुन्हा २२,००० रुपये घातले. तोवर नातीचं बारसं बहिणीच्या घरी झालं. सव्वा महिन्याची होऊन ती आमच्या घरी आली तेव्हाही तिचा पाळणा माडीवर बांधावा लागला. खालची खोली, जी तिच्यासाठी म्हणून रंगवायला काढली होती, ती तेव्हाही उघड्या गिलाव्याचीच होती.

परवा हरभट रोडवरून येताना त्या कंत्राटदाराची गाडी दिसली. मागे दोन बादल्या बांधलेल्या, त्याच कंपनीच्या. गाडी आमच्या पलीकडच्या गल्लीत एका घरासमोर थांबली. तो गेल्यावर मी त्या घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांना घेऊन अंगणात गेले आणि झाकणावर चिठ्ठी आहे का, ते आम्ही दोघींनी मिळून बघितलं. नव्हती.