डिलनचे दोन 'ग्रेटेस्ट हिट्स': एकच घ्यायचा तर कोणता?

रेकॉर्ड प्लेअर नव्याने घेतलेली पोरं हल्ली विचारतात: अमेरिकेचा गायक-गीतकार बॉब डिलन ऐकायचाय, खिसा एकाच अल्बमपुरता आहे, तर १९६७ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' घेऊ की १९७१ चा दुसरा भाग? माझं उत्तर दुसरा भाग. पण पहिल्याची बाजू अगदीच लंगडी नाही, आणि काही घरांत तोच जास्त वाजेल.

पहिला आला मार्च १९६७ मध्ये. आदल्या जुलैत डिलनला मोटारसायकलचा अपघात झाला होता, तो घरात बसला होता आणि बाजारात नवं काही येत नव्हतं. कोलंबिया कंपनीने मग आधीचीच दहा गाणी एकत्र बांधली. बाजूला पाच-पाच, सगळी मिळून चाळीसेक मिनिटं. कालक्रम वगैरे कुणी पाहिलेला नाही. पहिलंच गाणं 'रेनी डे विमेन': ट्रॉम्बोन, ढोल, मागे हसणं-ओरडणं, म्हणजे रात्री उशिरा सैल सुटलेल्या वरातीच्या बँडसारखं. आणि लगेच त्याला चिकटून 'ब्लोइंग इन द विंड', एक गिटार, एक माउथ ऑर्गन, बस. तीन वर्षांचं अंतर दोन गाण्यांमधल्या त्या दोन सेकंदांत कोंबलेलं. नवख्याला हा धक्का आवडतो. मला नाही आवडत.

तरी या रेकॉर्डची पहिली बाजू जिथे संपते तिथे 'लाइक अ रोलिंग स्टोन' आहे, आणि तेवढ्यासाठी बाकी सगळं माफ. ड्रमचा एक फटका बसतो आणि पुढची सहा मिनिटं सुटका नाही. त्यातल्या ऑर्गनकडे कान द्या. तो वाजवणारा अल कूपर गिटार घेऊन स्टुडिओत आला होता. त्याच्यापेक्षा सरस गिटारवाला आधीच हजर दिसल्यावर हा गुपचूप ऑर्गनवर जाऊन बसला. ऑर्गन त्याचं वाद्य नव्हतं. त्यामुळे बाकीचे कुठे वळतात ते पाहून मग तो बोट ठेवतो, आणि सूर ठेक्याच्या किंचित मागून येतो. ते मागून येणंच पुढे या गाण्याची ओळख झालं. फोनच्या स्पीकरवर हे हरवतं, रेकॉर्डवर स्वच्छ ऐकू येतं.

दुसऱ्या बाजूचं 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन' आपल्याकडच्या कानाला पटकन जवळचं वाटेल. डिलनच्या म्हणण्याप्रमाणे ते सुचलं ब्रूस लँगहॉर्न या गिटारवादकामुळे. तो एक भला मोठा तुर्की डफ घेऊन फिरायचा. खंजेरी हातात घेऊन स्वतःचीच भजनं गाणारे तुकडोजी महाराज ज्या विदर्भाने पाहिले, तिथे 'सिंगर-साँगरायटर' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरा भाग. नोव्हेंबर १९७१, दोन तबकड्या, एकवीस गाणी, सव्वा तासाच्या वर. महाग पडतो, हे खरं. यातल्या पहिल्या तीन बाजू चांगल्या आहेतच. 'डोन्ट थिंक ट्वाइस'मधली बोटांनी छेडलेली गिटार, 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'चे जेमतेम अडीच मिनिटांत संपणारे तीन कडवे, 'अ हार्ड रेन' हे जवळपास सात मिनिटांचं प्रश्नोत्तर. डिलनला २०१६ चं नोबेल मिळालं तेव्हा समारंभात गायिका पॅटी स्मिथने हेच गायलं आणि मध्येच अडखळून पुन्हा सुरू केलं. पण माझं मत ठरतं ते चौथ्या बाजूमुळे.

त्या बाजूला सात गाणी आहेत आणि त्यांतली पाच तोवर डिलनच्या स्वतःच्या कुठल्याही अल्बममध्ये नव्हती. अपघातानंतर १९६७ मध्ये वुडस्टॉकजवळच्या एका घराच्या तळघरात तो मित्रांसोबत गाणी करत होता. ती ध्वनिमुद्रणं कंपनीने रीतसर काढली थेट १९७५ मध्ये. मधल्या काळात गाणी इतरांच्या गळ्यातून जगभर गेली: 'आय शॅल बी रिलीज्ड' 'द बँड' याच नावाच्या रॉक बँडने गायलं, 'यू एन्ट गोइंग नोव्हेअर' बर्ड्स या रॉक बँडने. म्हणजे हिट झाली ती दुसऱ्यांच्या आवाजात. सप्टेंबर १९७१ मध्ये डिलनने हॅपी ट्राउम या वादकाला सोबत घेऊन त्यांतली तीन नव्याने गायली. दोन माणसं, गिटार, बँजो, फारसा तामझाम नाही. बर्ड्सच्या रॉजर मॅग्विनने एका ओळीतले शब्द उलटेपालटे केले होते, तर डिलन इथे गाण्यातच त्याचं नाव घेऊन त्याला चिमटा काढतो.

नागपूरकराला यात नवल वाटू नये. वामनदादा कर्डकांची गाणी आपण किती वेगवेगळ्या गळ्यांतून ऐकली आहेत! दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात एका स्टॉलवर एक चाल, पुढच्यावर तेच शब्द कव्वालीच्या ठेक्यात. लोकगीत चालतं ते असंच. पहिल्या भागात प्रसिद्ध डिलन भेटतो. दुसऱ्यात स्वतःचीच गाणी गावभर फिरून आल्यावर ती पुन्हा उचलणारा गाणारा भेटतो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

मुखपृष्ठावर दोन्हीकडे माउथ ऑर्गन आहे. पहिल्यावरच्या फोटोला ग्रॅमी मिळालं. दुसऱ्यावरचा फोटो १ ऑगस्ट १९७१ च्या बांगलादेशासाठीच्या मैफलीतला. ती पंडित रविशंकर आणि बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कला भरवली होती.

एक अडचण मात्र आहे, राजेहो, आणि ती आपल्या गावाची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, खोलीत कूलर घरघरतोय, आणि दुसऱ्या भागातलं 'टुमॉरो इज अ लाँग टाइम' लावलं तर अर्धे शब्द पाण्याच्या टपटपीत जातात. १९६३ च्या मैफलीतलं एकट्या गिटारवरचं हळू गाणं आहे ते. रात्री कूलर बंद करूनच ऐकावं. पहिल्या भागातली बरीच गाणी कूलरला पुरून उरतात. तुमचं ऐकणं चार जणांच्या गप्पांत, दुपारच्या चहासोबत होत असेल, तर पहिलाच घ्या. फोनवर गाणी लावणाऱ्याने मात्र पहिला विकत घेऊ नये. त्यातलं 'पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट' तेवढं तेव्हा अल्बममध्ये न येता नुसतं सुटं गाणं, म्हणजे सिंगल म्हणून निघालं होतं, बाकी नऊ मूळ अल्बममध्ये जशीच्या तशी आहेत.

कोणताही घेतलात तरी रेकॉर्ड उभी ठेवा, आणि गच्चीखालच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला टेकवून तर नकोच. आपल्या उन्हाळ्यात ती वाकते आणि मग सुई होडीसारखी डुलते. जुनी प्रत मिळत असेल तर मागची यादी वाचून पैसे द्या, कारण पहिल्या भागाची ब्रिटिश आवृत्ती वेगळी आहे, तीत बारा गाणी आहेत. अमेरिकन प्रतीत चित्रकार मिल्टन ग्लेझरने काढलेलं डिलनचं रंगीत केसांचं पोस्टर असायचं. विकणारा ते आत आहे म्हणाला तर उघडून पाहा. आणि १९९४ चा तिसरा भाग कुणी स्वस्तात देऊ केला तर सध्या राहू द्या. तो १९७३ पासून पुढच्या डिलनचा आहे, सुरुवात करणाऱ्याच्या कामाचा नाही.