‘मिटवून टाकू’ म्हणत सहा महिने खाणारे कब्जेदार

नागपूरच्या बेसा, हुडकेश्वर, वाठोडा भागात 1500 फुटांचा प्लॉट घेऊन मालक पुण्या-मुंबईला नोकरीवर असला, की फसवणूक बहुतेक एकाच चालीने होते. आधी तारेचं कुंपण, मग टिनाची खोली, मग आत एक कुटुंब. मालक जाब विचारायला आला तर कोणी भांडत नाही, उलट चहा पाजतात. ‘‘भाऊ, सोसायटीवाल्यानं आम्हालाही फसवलं. कोर्टात कशाला जाता, मिटवून टाकू.’’ दिवाळी झाल्यावर, मग लग्नसराई संपल्यावर, मग पोरांच्या परीक्षा झाल्यावर.

हा सगळा हिशेब 6 महिन्यांचा असतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट), 1963 च्या कलम 6 खाली कब्जा गेल्यापासून 6 महिन्यांत दावा लावला तर मालकी सिद्ध करावी लागत नाही. आपला कब्जा होता आणि तो बेकायदा काढला, एवढंच दाखवायचं. त्या हुकुमावर अपीलही नाही. पुढे मालकीवरून ताबा मागायला 12 वर्षं असतात खरी, पण मग मूळ खरेदीपासून आरएल लेटरपर्यंतची (प्लॉट नियमित झाल्याचं नागपूर सुधार प्रन्यासचं पत्र) साखळी उभी करावी लागते. सोसायटीने एकच प्लॉट दोघांना विकला असेल तर वर्षं जातात.

मोकळ्या प्लॉटवर आपला कब्जा होता हे दाखवणंच अवघड. कुंपणाचं बिल, टॅक्स पावत्या, भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा), तारखेसह फोटो हे आधीच जमवून ठेवा. टिनाची खोली कधी आली, हे महावितरणच्या मीटरच्या तारखेवरून आणि गुगल अर्थच्या जुन्या चित्रांवरूनही सांगता येतं.

कब्जेदाराने महिन्याला हजार-दोन हजार देऊ केले तर घेऊ नका. पावती मिळाली की तो ‘भाडेकरू’ म्हणून उभा राहतो.

पोलीस ठाण्यात ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ ऐकायला मिळेलच. तरी भारतीय न्याय संहितेचं कलम 329 (घुसखोरीचा गुन्हा) लिहून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. खोटी रजिस्ट्री असेल तर ती नुसती घुसखोरी राहत नाही, बनावट दस्ताचा गुन्हा होतो. दाव्यात नुसती मनाई मागणं ही नेहमीची चूक. कब्जा गेलेला असेल तर ताबा मागावाच लागतो, आणि मालकीलाच हरकत असेल तर मालकी आपली असल्याची घोषणाही. बांधकाम आणि विक्री थांबवायला तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच दिवशी जोडा.

माणसं नेऊन खोली पाडायच्या भानगडीत पडू नका. कब्जेदार तिथे स्थिरावलेला असेल तर तेच कलम 6 तो तुमच्यावर लावतो, आणि त्या दाव्यात तुमची रजिस्ट्री कामी येत नाही.